जात्याचा खुंटा, शहागंजचं घड्याळ आणि आपली झोप



आज आपण झोपेबद्दल बोलणार आहोत. रात्री अंग टाकलं की डोक्यात विचार सुरू होतात, डोळा लागतो तेव्हा उठायची वेळ झालेली असते, आणि दिवसभर अंग जड राहतं. गटांच्या बैठकीत आम्ही हे इतक्या जणींकडून ऐकलं आहे की आता ते एकेकीचं दुखणं वाटत नाही. त्यावर घरातून उत्तर ठरलेलं असतं, "टेन्शन घेऊ नको." असं म्हटल्याने कुणाचं टेन्शन गेल्याचं आम्ही अजून पाहिलेलं नाही.

म्हणून आज जरा मागे जाऊन पाहू. आपल्या आज्या-पणज्या कधी झोपायच्या, कधी उठायच्या? त्यांची झोप कोण मोडत होतं आणि त्यांच्या मनावरचा भार कशाने हलका होत होता? यासाठी आपण शहागंजला जाऊ. छत्रपती संभाजीनगरचं शहागंज तुमच्यापैकी बऱ्याच जणींना बाजारामुळे माहीत आहे. लग्नाचा बस्ता असो की सणाची खरेदी, पाय तिकडे वळतातच. त्या गर्दीत दोन जुन्या गोष्टी आहेत. एक पाण्याची, एक वेळेची. बायांच्या झोपेची गोष्ट या दोन्हींशी बांधलेली आहे.

आधी पाणी

हे शहर मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं, तेव्हा त्याचं नाव खडकी होतं. मलिक अंबर आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. पुढे तो निजामशाहीचा कर्ता झाला. त्याने डोंगराकडचं जमिनीखालचं पाणी भुयारी नहरीतून आणि खापरी नळांतून शहरात आणलं. त्याला नहर-ए-अंबरी म्हणतात. पाणी उताराने वाहत यायचं, मध्ये उभारलेल्या उंच खांबांमधून त्याचा दाब सांभाळला जायचा, आणि ते वस्तीतल्या हौदांत पडायचं. ना पंप, ना वीज.

पुढे शंभर वर्षांनी शहागंजला मोठा हौद झाला. खाफी खान नावाच्या त्या काळच्या इतिहासकाराने त्याची नोंद करून ठेवली आहे. दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली याने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या हौदाचं काम सुरू केलं. नंतर इवज खानाने तिथली मशीद आणि इमारती वाढवल्या. खाफी खान सांगतो की उन्हाळ्यात पाण्याची टंचाई पडली की हाच हौद लोकांचे हाल कमी करायचा.

इतिहासकाराने "लोकांचे हाल" असं लिहिलं. आपण त्या जागी हंडा घेतलेली बाई ठेवून पाहू. पाणी जवळ आलं की कुणाची पायपीट वाचते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मराठवाड्यातल्या बाईला उन्हाळ्यात टँकर कधी येईल याची खात्री नसते. मग ती झोपली तरी एक कान उघडा ठेवून झोपते. ही झोप औषधाने सुधारणारी नाही. तिथे गावात पाणी यावं लागतं.

त्याच शहरात पाणचक्की आहे. बाबा शाह मुसाफिर या सुफी संतांच्या दर्ग्यात सुमारे तीनशे वर्षांपूर्वी ती उभी राहिली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळांतून आणून उंचावरून चाकावर सोडलं, आणि त्या जोरावर जातं फिरायला लागलं. दर्ग्यात येणारे वाटसरू, फकीर, शिकणारी मुलं यांच्यासाठी तिथे पीठ निघायचं. आज लोक तिथे तिकीट काढून जातात आणि फोटो घेतात. आपण गेलो तर एवढं जरूर लक्षात घेऊ, की त्या पाण्याने काही माणसांच्या हातांना तेवढा विसावा दिला.

पण तो विसावा त्या दर्ग्यापुरता होता. गावागावातल्या घरात जातं बायाच ओढत होत्या.

पहाटेचं दळण

आपल्या आज्यांची पहाट कोंबड्याच्याही आधी व्हायची. शुक्राची चांदणी वर आली की उठायचं, जात्याभोवतीची जागा झाडायची, आणि ज्वारी-बाजरी वैरत खुंटा धरायचा. घर मोठं असलं तर दोन-दोन तास दळण चालायचं. त्यानंतर पाणी, सडा, भाकरी आणि रान. रात्री सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर पाठ टेकायची. म्हणजे जुन्या काळी बाया निवांत झोपायच्या, हे काही खरं नाही. दमून पडायच्या म्हणून डोळा लागायचा, पण झोप पुरी व्हायची असं म्हणता येत नाही.

तरी त्या जात्यापाशी एक गोष्ट होती. जातं सहसा दोघी मिळून ओढायच्या. जावा-जावा, सासू-सून, नणंद-भावजय, नाहीतर शेजारीण. समोरासमोर बसायचं, एकाच खुंट्याला दोन हात, आणि तोंडात ओवी. ओवीत माहेर यायचं, भाऊ यायचा, पंढरी यायची, सासरचा जाच यायचा, मेलेलं लेकरू यायचं. जे दिवसा उजेडी घरात बोलता येत नव्हतं ते अंधारात गाऊन सांगता येत होतं. समोरची ऐकायची आणि आपली ओवी जोडायची. "रडू नको" असं ती म्हणत नव्हती. तिचीही एक असायची.

या ओव्या बायकांनी लिहून ठेवल्या नाहीत. पुढे अनेकांनी त्या गोळा केल्या. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या पुस्तकासाठी त्या जमवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या दोघांनी पुण्याहून काम सुरू केलं आणि सहकाऱ्यांसोबत हजारावर गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत आपल्या मराठवाड्यातल्या बायाही आहेत. माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्या साठ्यात आहेत. लाखभर ओव्या म्हणजे बायांच्या मनाचा केवढा मोठा दस्तऐवज! आपल्या आज्यांना मनाचं दुखणं कळत होतं आणि त्यावर त्यांनी आपली वाट काढली होती, हे त्यातून दिसतं.

गंगाखेडच्या जनाबाईची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. विठ्ठल येऊन तिच्याबरोबर दळायला बसला. कीर्तनात ती भक्तीची कथा म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण बाईच्या बाजूने ऐकली तर आणखी काही ऐकू येतं. थकलेल्या बाईला देवाकडून काय हवं होतं? सोनं-नाणं नको होतं. खुंट्याला दुसरा हात हवा होता.

मग आलं घड्याळ

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या शहराचा दिवस बदलायला लागला. १८८९ मध्ये इथे कापसाची सूत आणि कापड गिरणी उभी राहिली, तिथे सुमारे सातशे माणसं कामाला होती. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली, आणि तिच्यामागून कापूस पिंजायचे कारखाने आले. गिरणीचा भोंगा आणि रेल्वेची वेळ कोंबड्यावर चालत नाही. लोकांना सगळ्यांची मिळून एक वेळ लागायला लागली. त्याच सुमारास, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात शहागंजला घड्याळाचा मनोरा उभा राहिला. लांबून दिसेल असं घड्याळ, म्हणजे ज्याच्या घरात घड्याळ नाही त्यालाही वेळ कळावी.

घड्याळाने एक चांगलं केलं. गिरणीतल्या माणसाचं काम मोजता यायला लागलं. किती तास राबलो हे सांगता आलं, म्हणून पुढे कामगारांना "इतक्या तासांच्या वर नाही" असं म्हणता आलं. पण घरातल्या बाईचं काम त्या मनोऱ्यावरून कुणी मोजलं नाही. तिचा भोंगा कधी सुटीचा वाजलाच नाही.

ते मोजायला आणखी शंभर वर्षं लागली. आपल्या देशात बायका-पुरुषांचा वेळ कुठे जातो याची पहिली देशव्यापी पाहणी सरकारने २०१९ मध्ये केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बाईची २८९ मिनिटं, पुरुषाची ८८. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं कमी झाली आणि त्यांचीही नऊ कमी झाली! लेकरांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळायचा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा आहे. रानातली मजुरीही वेगळी.

आता सांगा, "तू लवकर झोपत जा" असं बाईला सांगताना आधी हे आकडे बघायला नकोत का?

गिरणी आली, ओवी गेली

पुढे तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावी इंजिनवरच्या पिठाच्या गिरण्या आल्या, मग वीज आली तशा त्या गावोगावी झाल्या. जातं कोपऱ्यात गेलं. हे बरंच झालं. जात्याचं कौतुक करणाऱ्याने आठवडाभर पाच माणसांचं दळण दळून दाखवावं, मग बोलावं. बायांची पहाटेची झोप परत मिळवून देण्यात गिरणीचा वाटा मोठा आहे.

पण दळण गेलं तेव्हा समोर बसणारी बाईही गेली. मन मोकळं करायची ती ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ परत कुणी दिली नाही. काम हलकं झालं, मन मात्र एकट्याचं झालं. आणि जी झोप मिळाली होती ती दुसऱ्या कामांनी खाल्ली. कुठे शेतपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते आणि नवऱ्याबरोबर बॅटरी घेऊन बारं द्यायला जावं लागतं. कुठे ऊसतोडीला गेलेली बाई पहाटे तीनला खोपीत चूल पेटवते. कुठे हप्त्याचा दिवस जवळ येतो तशी झोप उडते. त्यात आता हातात मोबाईल आला आहे. दिवसभरात स्वतःचा म्हणून मिळालेला तेवढाच वेळ असतो, म्हणून बाई तो रात्री अकरानंतर वापरते. तिला दोष द्यायला आम्हाला जमत नाही.

दुसरा हात पुन्हा कसा आला

समोर बसून ऐकणारी बाई ही जुनी गोष्ट जगात काही जणांनी नव्याने उभी केली आहे.

आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. तिथे तज्ज्ञ फार थोडे आणि दुःख फार. २००६ मध्ये त्यांनी दवाखान्याबाहेर झाडाखाली एक बाकडं टाकलं आणि त्यावर वस्तीतल्या आज्यांना बसवलं. आज्यांना शिकवलं, की आधी ऐकून घ्या, मग बाईला तिच्या अडचणींतली एक निवडायला लावा, आणि त्या एकीवर काय करता येईल ते तिच्याकडूनच काढा. २०१६ मध्ये याची शास्त्रीय तपासणी छापून आली. बाकड्यावर बसलेल्यांची उदासी आणि काळजी खरोखरच जास्त कमी झाली होती. तिकडच्या भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडे बाई काय म्हणते? "लई इचार येतेत." दुखणं एकच, भाषा दोन.

आपल्या राज्यातही हे झालं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' या कामात गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला आणि गरजूंना सरकारी योजनांपर्यंत न्यायला शिकवलं गेलं. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम झाला. शेतकरी आत्महत्यांच्या त्या भागात गावचेच कार्यकर्ते घरोघर गेले, मनाच्या दुखण्याबद्दल उघड बोलले. आधी उदासीने ग्रासलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण सत्तावीसवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाणही जवळपास निम्मं झालं.

मैत्रिणींनो, यात काही नवीन यंत्र नाही. पाण्याने जातं फिरवलं तेव्हा हात मोकळे झाले. समोर कुणी बसलं तेव्हा मन मोकळं झालं. झोपेला दोन्ही लागतात.

आज आपल्या हातात काय

काही गोष्टी आपल्या एकटीच्या हातात आहेत, त्या आधी सांगतो.

मोठ्या माणसाला रात्रीची साधारण सात तास झोप लागते. झोपायची वेळ मागेपुढे झाली तरी उठायची वेळ रोज एकच ठेवा, त्याने अंगाला सवय लागते. दुपारी चारनंतरचा चहा सोडून पाहा, त्याचा अंमल पुढे कितीतरी तास राहतो. झोपताना मशेरी लावायची सवय असेल तर ती झोप आणत नाही, तंबाखू मेंदूला जागं ठेवते. अंथरुणावर पडून बराच वेळ डोळा लागला नाही तर तळमळत राहू नका. उठून मंद उजेडात बसा, सावकाश श्वास सोडा, आत घ्यायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ सोडायला लावा. जांभई आली की परत पडा. मोबाईल उशापासून लांब ठेवा. डोक्यात उद्याची कामं फिरत असतील तर ती संध्याकाळीच कागदावर लिहा, नाहीतर लेकीकडून लिहून घ्या.

मध्यरात्री एकदा जाग आली म्हणून घाबरू नका. रॉजर एकिर्क नावाच्या अमेरिकन इतिहासकाराला युरोपातल्या जुन्या कागदपत्रांत "पहिली झोप" आणि "दुसरी झोप" असे पुष्कळ उल्लेख सापडले. विजेच्या दिव्याआधी तिथले लोक मध्ये उठून थोडं काम करायचे, बोलायचे आणि परत झोपायचे. जाग येणं वेगळं आणि जाग आल्यावर काळजीने पोखरलं जाणं वेगळं.

काही वेळा झोप शरीरामुळे जाते. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटतात, पिंडऱ्यांत वळवळ होते, अशा वेळी अंगातलं लोह कमी असू शकतं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्ताची कमी आहे, तेव्हा उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. पाळी जायच्या वयात अंगातून वाफा येऊन घामाने जाग येते, त्यावरही डॉक्टर मदत करू शकतात. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हेही दाखवावं. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी मात्र आणू नका. सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

दोन-तीन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जीव नकोसा वाटतो, असं झालं तर थांबू नका. आशाताईला सांगा. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली-मानस' सुरू केलं आहे. १४४१६ हा नंबर फुकट लागतो, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. आपल्या गटातली कुणी "मी मेलेलीच बरी" म्हणाली तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. तिच्याजवळ बसा, सरळ विचारा, घरातलं कीटकनाशक कुलपात ठेवायला सांगा आणि तिच्यासमोरच हा नंबर लावा.

आणि जे एकटीच्या हातात नाही

ते गटाच्या हातात आहे. पुढच्या बैठकीत बचतीची वही उघडायच्या आधी अर्धा तास काढा. दोघी-दोघींच्या जोड्या करा आणि जात्यावर बसल्यासारख्या समोरासमोर बसा. एकीने पाच मिनिटं बोलायचं, दुसरीने नुसतं ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, आणि ऐकलेलं दारातून बाहेर न्यायचं नाही. मग अदलाबदल. कुणाला बोलायचं नसेल तर तिने ओवी म्हणावी. म्हाताऱ्या बायांना येतात, त्यांना पुढे बसवा.

त्यानंतर प्रत्येकीने आपली कालची मिनिटं मोजावीत. उठल्यापासून पडेपर्यंत कुठे किती वेळ गेला ते भिंतीवरच्या कागदावर लिहा. शेजारी घरच्या गड्याची मिनिटंही लिहा. मग एकच काम निवडा, जे घरातलं दुसरं कुणी उचलू शकेल. रात्रीची भांडी असोत, गोठ्याचं झाडलोट असो, की सकाळचं पाणी. ते घरी सांगायला जड जात असेल तर दोघी-तिघी मिळून जा. आणि गावात पाणी ठरलेल्या वेळी यावं, हा विषय ग्रामसभेत मांडा. तोही झोपेचाच विषय आहे.

शहागंजला गेलात तर मान वर करून घड्याळाकडे एकदा बघा. आपला वेळही मोजायचा असतो, एवढं त्याच्याकडून घेऊन या. पुढच्या वेळी कोणत्या गटाने काय मोजलं आणि कुठलं काम कुणाकडे गेलं ते आम्हाला कळवा. आम्ही ते रेडिओवर सांगू.